माद्रिगे

आमच्या काब्रासला मेंढीच्या दुधाचं जोद्दू लावतात
आणि विरजणाला म्हणतात माद्रिगे,
म्हणजे जवळपास आईच.
कालच्या गाडग्यातलं चमचाभर उद्यासाठी बाजूला काढायचं.
ते खायचं नाही. पाहुणा आला तरी नाही.
एकदा बाकीसिओने चाटूनपुसून संपवलं,
तेव्हा वाटी घेऊन शेजारी
आईने त्यालाच पाठवलं, भर दुपारी, अनवाणी.

माझ्या हाडांतलं विरजण नासकं निघालं.
बेटावर पूर्वी हिवताप फार. त्याच्याशी झुंजता झुंजता
रक्त काहीतरी भलतंच शिकून बसलं,
असं डॉक्टर मुरेद्दू सांगायचे
औषधाच्या चिठ्ठीवर वाकडे गोल काढत.
दर तीन आठवड्यांनी ओरिस्तानो,
कुणा अनोळख्याची पिशवी.
रात्री पोटात सुई, उशाशी घुरघुरणारा पंप,
परक्या रक्ताचं लोखंड उपसायला.

मग कळलं, भावाचं जुळतंय.
नऊ वर्षांचा होता. त्याने एवढंच विचारलं,
"सगळं काढणार?"
"नाही रे. विरजणापुरतं."

काल्यारीच्या इस्पितळात आधी माझी हाडं धुऊन काढली.
रिकामं गाडगं कसं वाजतं ते मला ठाऊक आहे.
काचेपलीकडे आई, तोंडाला फडकं,
खुणेने विचारायची, जेवलीस?
आणि मी उशीवरचे केस दाखवायचे.

त्याच्या कमरेच्या हाडातून काढलेलं ते
एका लहान पिशवीत आलं, वर थोडी चरबी तरंगत.
मला वाटलं होतं, काही चमकेल.
गळ्याजवळच्या शिरेत सोडलं आणि झालं.
पुढची वाट त्या पेशींना कुणी सांगितली नाही.
खाडीचं तोंड बोयांना कोण दाखवतं?
हाडाच्या अंधारात त्या आपापल्या जागी जाऊन बसल्या,
हजारो हजारांत एखादीच खरी,
आणि तीही बहुतेक वेळ झोपलेली.
जागी झाली की दोन होतात.
एक घर सोडते, तांबडी होते, पांढरी होते,
कामाला लागते, मरते.
दुसरी कूस बदलते आणि राहते.

सतराव्या दिवशी परिचारिकेने काचेवर आकडा लिहिला.
आई शिकलेली नव्हती. आकडा बघून म्हणाली,
लागलं.

त्यानंतर माझा रक्तगट त्याचा.
कोळंबी खाल्ली की त्याला उठायच्या तशा गांधी
मलाही उठू लागल्या.
"भाडं दे माझं," म्हणायचा जाळी सोडवताना,
"दर सेकंदाला वीस लाख पेशी करतोय तुझ्यासाठी, फुकटात."
मी त्याला गाबोळीचा तुकडा द्यायची. तेवढ्यावर भागायचं.

नोव्हेंबरात तो सिनिसच्या पलीकडे गेला
आणि वारा फिरला.

जानेवारीत इस आरूतासच्या किनाऱ्यावर,
जिथे वाळूचे दाणे तांदळाएवढे असतात,
काही सापडलं. ओळखण्यासारखं नव्हतं.
पोलीस म्हणाले, सख्खी बहीण ना, रक्त द्या,
जवळपास जुळेल.
दिलं. कुणी काही विचारलं नाही, मीही सांगितलं नाही.
सुचलंच नाही, खरं तर.

दहा दिवसांनी प्रयोगशाळेतून फोन. एक बाई,
फार सभ्य, फार गोंधळलेल्या.
"काहीतरी अदलाबदल झालीय.
तुमचा म्हणून आलेला नमुना पुरुषाचा आहे.
जवळपास नाही जुळत, ताई. तोच माणूस आहे तो."

माझे हात खवल्यांनी भरलेले होते.
फोन खांद्याने कानाशी दाबून मी म्हटलं,
अदलाबदल नाही.

बराच वेळ पलीकडून कागदांचा आवाज.
मग त्यांनी हळूच विचारलं,
"मग या बाटलीवर नाव कुणाचं लिहू?"

मनगटावर नाडी उडत होती, नेहमीसारखी,
जराही न थबकता.
चुलीशेजारी रात्रीचं गाडगं होतं.
मी कोपराने फडकं सरकवून पाहिलं.
लागलं होतं.